चुकलं की टाळी

साइन म्हणजे खूण, हे टकळीला पहिल्या झटक्यात कळलं. घोळ झाला तो त्यानंतर.

टकळीचं खरं नाव फक्त जन्मदाखल्यावर होतं. सकाळी डोळ्यांआधी तिचं तोंड उघडायचं आणि झोपेतही पुरतं मिटायचं नाही. आता तिला शाळेत घालायचं होतं, तेही आई ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती त्याच्या समोरच्याच शाळेत. तिथे प्रवेश मिळाला तर आई दुपारी रस्ता ओलांडून तिला दुकानात घेऊन येऊ शकली असती. नाही मिळाला तर शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आजोबांचे गुडघे घराच्या पायरीपर्यंत, आणि आईची नोकरी खलास. मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाई इंग्रजी उच्चार बघतात, अशी बातमी होती. म्हणून आईने कंबर कसली.

"सगळे शब्द साइनमधूनच निघालेत बघ," कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली. "सिग्नल म्हणजे गाडीला केलेली खूण. सिग्नेचर म्हणजे सही, आपली स्वतःची खूण. डिझाइन म्हणजे आधी खुणा करून आखलेलं. आणि रिझाइन म्हणजे सही करून नोकरी सोडणं."

"तू सोडणारेस?"

"तू नीट बोललीस तर नाही."

"पण सिग्नलमधला ग साइनमध्ये कुठं गेला?"

"तो असतो गं. नुसता गप्प बसतो."

"का? त्याला कोण ओरडलं?"

याचं उत्तर आईला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ती हसली आणि पुढच्या घडीकडे वळली.

टाळीची युक्ती आत्याची. "वहिनी, चुकली म्हणून रागवायचं नाही हं. मूल बुजतं," तिने फोनवर बजावलं. "नुसती टाळी वाजवायची. चुकलं की टाळी. तिला खेळ वाटेल." सगळ्यांना हे फार पटलं. बरोबर उच्चार कुणाचा धरायचा, हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाला तो माहीतच होता.

"शिग्नल," टकळी आजोबांकडून ऐकून म्हणाली. आईने टाळी वाजवली.

"सिग्नल," टकळीने सुधारलं. आता बाबांची टाळी पडली. बाबा दिवसभर परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकत. "शेवटचा ल अर्धा गिळायचा. पूर्ण उच्चारलास की समोरचा फोनच ठेवतो."

टकळीने ल गिळला. आजोबांनी टाळी वाजवली.

"हे काय चालवलंय? उभी हयात रेल्वेत शिग्नल देत आलो मी. एक गाडी धडकली नाही!"

"गाड्यांना ऐकू येत नसतं, आजोबा," आई म्हणाली.

"तुझ्या गिऱ्हाइकांना दिसत नसतं. म्हणून तू त्यांच्याशी बोलायची थांबलीस का?"

त्यानंतर मोठी माणसं एकमेकांवरही टाळ्या वाजवू लागली. सिग्नेचरवर आजोबा आणि बाबा यांची जुंपली, डिझाइनवरून आईने ताट बाजूला सारलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे रोज वाढदिवस कुणाचा असतो हो?"

इंग्रजी शब्द पुरेनात, तसे आजोबा टकळीच्या मराठीवरही टाळ्या द्यायला लागले. "पानी नाही, पाणी!" टाळी. टकळी आता शब्दाचं पहिलं अक्षर काढून सगळ्यांच्या हातांकडे बघायची. मग नुसती मान हलवू लागली. मग बोट दाखवून भागवू लागली.

"केवढी एकाग्रता वाढलीय हिची," बाबा म्हणाले.

मुलाखतीला बाईंनी चौकातल्या लाल-हिरव्या दिव्यांच्या खांबाचं चित्र पुढे केलं. "हे काय आहे, बाळा?"

टकळी गप्प. आईने पर्सचा पट्टा पिळून काढला. शेवटी बारीक आवाज आला, "सिग्नल."

"शाब्बास!" म्हणत बाईंनी टाळी वाजवली.

टकळीचा चेहरा पडला. "शिग्नल," तिने घाईघाईने सुधारलं. बाईंना गंमत वाटली, त्यांनी पुन्हा टाळी दिली. टकळीने ल गिळून पाहिला. आता शेजारच्या शिक्षिकाही कौतुकाने टाळ्या पिटू लागल्या. टकळीजवळचे उच्चार संपले. तिने दोन्ही कान गच्च दाबले, टेबलाखाली शिरली आणि तोंडातून आवाज न काढता रडू लागली.

खुलासा करायला आई पुढे झाली, पण कोणत्या तोंडाने सांगणार? "सर्दी झालीय तिला," ती म्हणाली.

"तुझ्या बहिणीची अक्कल!" घरी येताना ती बाबांवर खेकसली.

"टाळ्या काय बहीण येऊन वाजवत होती?"

घरात टाळीला बंदी झाली. आई दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवता बसवता मनात राजीनामा लिहू लागली. टकळी मात्र हळूहळू खुलली. आधी एक शब्द, मग दोन. एका संध्याकाळी ती आपण होऊन आईच्या गुडघ्याला टेकली आणि आईने श्वास रोखून ऐकलं.

"आई, बादलीच्या काठावर ना, एक मुंगी गोल गोल फिरत होती. तिला वाटत होतं, आपण खूप लांब चाललोय. मग ती मुंगी..."

फोन वाजला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"प्रवेश दिलाय हो तुमच्या मुलीला," मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या. "अशी गप्प बसणारी मुलं कुठं मिळतात हल्ली? बाकीच्यांची तोंडं बंद करण्यातच आमचं पहिलं वर्ष जातं."

"मिळाला!" बाबा ओरडले आणि त्यांनी टाळी वाजवली. आजोबांनी त्यांच्यावर कडी केली. घर दणाणलं.

टकळी थांबली. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "मूंगी?" ती म्हणाली. थोडा वेळ तिचे ओठ तिसरा उच्चार शोधत हलले. तो सापडला नाही, तशी ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

आई तिला थांबवायला हात पुढे करू गेली, तेव्हा तिला कळलं की तिचेही दोन्ही तळवे एकमेकांना चिकटलेले होते.