चिचुंद्र्यांच्या रांगेत मी

तुमचा विश्वास बसणार नाही, पण चिचुंद्रीचं विज्ञान पाचूबंदरात, माझ्या ओट्यावर बदललं! आणि बदललं कोणी? या सेबेस्टियननं!

झालं काय, क्षितिजा नावाची एक संशोधक पोरगी कॅमेरे घेऊन आमच्या आळीत महिनाभर ठाण मांडून बसली होती. मी विचारलं, "बाय, चिचुंद्रीत बघायचं काय?"

"ती राहते कशी ते, अंकल! एकटी, जोडीनं की गटानं? विज्ञानात तसे कप्पे असतात. इथे सगळ्या एकट्याच दिसतायत. आज गट दिसला नाही तर सर म्हणतात, गाशा गुंडाळा!"

पोरीचं तोंड सुक्या मांदेलीएवढं झालं होतं. मला बघवेना! बायको इनेझ चर्चला गेलेली. मी तिचा पाटीभर सुका जवळा ओट्यापासून कॅमेऱ्यापर्यंत पसरून टाकला.

दिवेलागणीला आली की हो चिचुंद्र्यांची रांग! पुढे आई, मागे पिल्लं, प्रत्येकानं पुढच्याची शेपटी तोंडात धरलेली! वास असा, की शेजारच्या बर्नार्डचं चोंदलेलं नाक खाडकन उघडलं!

"लिही गट!" मी म्हणालो.

"आई-पिल्लांना गट म्हणत नाहीत, अंकल! मोठ्या हव्यात, मोठ्या!"

तोच पिल्लांमागे मावशी दिसली. मावशीमागे आत्या, आत्यामागे अख्खं गोत! रांगेचं तोंड माझ्या ओट्यावर आणि शेवट पार किल्ल्याच्या दरवाजात!

आणि कॅमेरा दोन हातांवर असताना मावशीची पकड सुटली! पिल्लं पुढे गेली, मागच्या मोठ्या भेदरून पांगायला लागल्या. बुडालं पोरीचं संशोधन! मी लुंगी खोचली आणि झालो आडवा! शेवटच्या पिल्लाची शेपटी दातांत घट्ट धरली, लुंगीचं टोक मावशीच्या तोंडात दिलं आणि रांगत रांगत सगळी वरात कॅमेऱ्यासमोरून नेली! चर्चमधून परतलेली इनेझ दारातच थिजली. मी रांगता रांगता गर्जलो, "बघतेस काय, क्षितिजा? लिही! गट! गट! गट!"

पोरगी नाचायचीच बाकी राहिली! फोनवर तिचे सर म्हणाले, "कप्पा बदला! राहा तिथेच, हवे तितके दिवस!"

काल जेटीवर हे सांगून मी ऐटीत मिशीवर हात फिरवला. समोर अल्पेश जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला,

"काका, दातांत शेपटी होती ना? मग ओरडला कोन?"