तिसऱ्या वाटीला पाणी

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी हौसाआत्याचं नाव घेईन. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती पदवी मी जुईनगरच्या तिच्या एका खोलीत राहून घेतली. पण सुरुवात लिफ्टपासून करावी लागेल, कारण सानपाड्याच्या आमच्या सोसायटीला आत्याची ओळख झाली ती लिफ्टमध्येच.

माझी मुलगी ईशू चौथीत आहे. तिच्या शाळेतून दर शुक्रवारी मोबाइलवर एक उपक्रम येतो. शनिवार-रविवारी तो घरी करायचा आणि सोमवारी वहीत दाखवायचा. त्या आठवड्यात आला होता, ‘घरातील वस्तू वितीने मोजा.’ ईशूने टेबल मोजलं, खुर्ची मोजली आणि ती कार्टून बघायला गेली. आत्याने मात्र सोफा मोजला, फ्रीज मोजला, दार मोजलं. रविवारी दुपारी मी झोपलो होतो. पायापासून वर काहीतरी सरकतंय असं वाटून जागा झालो, तर आत्या मला मोजत होती.

“हलू नगंस. मापात चूक हुती.”

घर संपल्यावर ती लिफ्टकडे वळली. खाली सोसायटीचे सेक्रेटरी सामंत भाजीच्या पिशव्या घेऊन उभे. लिफ्ट काही येईना. शेवटी ते जिने चढून धापा टाकत आमच्या मजल्यावर आले.

“अहो आजी, लिफ्ट अशी अडवून ठेवता येत नाही. रूल आहे सोसायटीचा!”

“रूल ऱ्हाऊ द्या. तुमची वीत केवढी हाय, बगू?”

सामंतांना काय झालं देव जाणे, त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि लिफ्ट मोजली. त्यांचा आकडा आत्याच्या आकड्याशी जुळेना. मग दोघांनी पुन्हा मोजली. ईशूने वहीत निष्कर्ष लिहिला : ‘आत्याआजीने मोजली की लिफ्ट मोठी होते.’

टीचरनी त्यावर हसरा चेहरा काढून दिला. आत्याने तो चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि मला म्हणाली, “ह्यो ईशूला हाय का मला?”

आत्याचा एकच मंत्र आहे : “हात लावल्याबिगर कळतंय व्हय?” गॅसवरचा तवा तापलाय का, बाजारातला कांदा चांगला आहे का, अंगात ताप आहे का, सगळ्याला हेच उत्तर. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहायचे. ते गेल्यावर मी तिला आमच्याकडे घेऊन आलो. तिला मूलबाळ नाही. पहिले काही महिने ती आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखी वावरायची. चहाचा कप स्वतः विसळून ठेवायची आणि पंखा लावायच्या आधी विचारायची. मग शुक्रवारचे उपक्रम सुरू झाले आणि घर तिचं झालं.

भेंडी कापून तिचे ठसे उमटवा, असा चित्रकलेचा उपक्रम आला तेव्हा ईशूचा कागद दोन मिनिटांत भरला. आत्याच्या हातात भेंडी शिल्लक, वाटीत रंग शिल्लक. समोर दोरीवर माझ्या बायकोची, सीमाची, पांढरी ओढणी वाळत होती. संध्याकाळी सीमाने ओढणी बघितली आणि ती जागच्या जागी खाली बसली. दुसऱ्या दिवशी दुसरी इस्त्रीची नव्हती म्हणून तीच घालून कामावर गेली, तर तिथल्या दोघीजणींनी ‘कुठून घेतलीस गं?’ म्हणून विचारलं. तेव्हापासून सीमा पांढरे कपडे आत्याच्या समोरच वाळत घालते.

घर ते शाळा असा नकाशा काढायचा होता, तेव्हा ईशू रस्त्यांची नावं लिहायला लागली. आत्या म्हणाली, “नावं कशाला? रस्त्याला हाक मारायची हाय व्हय? हितं कुत्रं भुकतंय ते काढ. हितं सावली हाय. हितं तो रसवाला पानी मागितलं तर देतो.” त्या नकाशावरून कोणीही डोळे मिटून शाळेत पोहोचला असता. फक्त शाळेचं नाव घालायचं दोघी विसरल्या होत्या.

एकाच उपक्रमात आत्या अडली. ‘घरातील आजी-आजोबांची मुलाखत घ्या.’ आवडतं फळ, आवडता सण, लहानपणीचे खेळ, सगळं तिने सविस्तर सांगितलं. सुरपारंबी कशी खेळतात ते दाखवायला ती खिडकीच्या ग्रिलला लोंबकळणार होती, तिला मीच धरलं. मग ईशूने विचारलं, “तुमची शाळेतली आवडती आठवण कोणती?”

“फुडचा प्रश्न घे.”

“अगं सांग ना, मार्क आहेत त्याला!”

“फुडचा घे म्हनलं ना.” आणि ती कुकर बघायला उठली. कुकर लावलेलाच नव्हता.

मग आली मटकी. विज्ञानाचा उपक्रम. तीन वाट्यांत कापसावर मटकी ठेवायची. पहिली उजेडात, पाणी घालून. दुसरी अंधारात, पाणी घालून. तिसरी उजेडात, पण पाण्याशिवाय. आठवडाभर रोज बघायचं आणि चित्र काढायचं. ईशूने वाट्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सगळ्यांना बजावलं, “तिसरीला कोणी हात लावायचा नाही हां!”

तिसरी वाटी सगळ्यात जोरात वाढली. पहिल्या वाटीत मोड दिसतात न दिसतात तोवर तिसरीतल्या मोडांनी कापूस उचलला होता. ईशू चकित झाली. तिने जसं दिसलं तसं चित्र काढलं आणि प्रामाणिकपणे निष्कर्ष लिहिला : ‘मटकीला पाण्याची गरज नसते.’

मी एका सकाळी पिण्याचं पाणी भरायला उठलो तेव्हा कारण समजलं. आत्या खिडकीशी उभी होती. बोटं तांब्यात बुडवून तिसऱ्या वाटीवर शिंपडत होती, देवावर शिंपडावं तशी.

“आत्या! अगं, प्रयोग आहे तो.”

ती दचकली, पण तांब्या काही लपवला नाही. “प्रयोग आसंल तुमचा. तिला कुठं ठावं हाय? शेजारच्या दोघींस्नी पानी मिळतंया आन् ही आपली टकामका बगत बसलीया.”

मी हसलो. ही गंमत टीचरना सांगेन असं ठरवलं आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं. सोमवारी ईशूने वर्गात उभं राहून निष्कर्ष वाचला. सगळा वर्ग हसला. ती घरी आली ती दप्तर फेकूनच. वहीत लाल शाईत लिहिलं होतं : ‘उपक्रम पुन्हा करावा. उपक्रम मुलांनी स्वतः करायचे आहेत. घरातील मोठ्यांनी कृपया हस्तक्षेप करू नये.’

आत्या वाचते ती अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्याने. ‘हस्तक्षेप’वर तिचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तिने ते वाक्य पूर्ण वाचलं.

“आत्याआजी, तू नको ना करूस आता माझं!” ईशू रडत म्हणाली. “सगळे मला मटकी म्हणून चिडवतात.”

“न्हाय करत, बाय,” आत्या म्हणाली. “बरूबर हाय बाईंचं.”

टीचरचं चूक नव्हतं आणि ईशूचंही नव्हतं. पण त्या शुक्रवारी मोबाइल वाजला तेव्हा आत्याने मान वर केली नाही. पुढच्या शुक्रवारी तिने पंखा लावायच्या आधी विचारलं. मग एका सकाळी पिशवी भरून ती दारात उभी राहिली.

“गावाला जाते वाईच. घर शेकारायला झालंया.”

“आत्या, कौलं मागच्या वर्षीच शेकारली ना?”

“येक-दोन ऱ्हायलीत.”

“परत कधी येशील?”

“बगू की.” आणि माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, “पोरीचं नुकसान व्हायला नगं, लेकरा, माझ्यापायी.”

माण तालुक्यातल्या त्या घरात आता कोणी राहत नाही. माझे वडील, तात्या, शेजारच्या गावी माझ्या धाकट्या भावाकडे असतात. मी त्यांना फोन केला, आत्याकडे लक्ष ठेवा म्हणून. बोलता बोलता मुलाखतीतला तो प्रश्न आठवला. विचारलं, “तात्या, आत्याच्या शाळेत काय झालं होतं हो?”

तात्या सांगायला लागले.

“मी झालो तवा ती चौथीत हुती. आई रानात जायाची, मग मला कोन संबाळनार? अक्का मला काखंला मारून साळंच्या खिडकीशी हुभी ऱ्हायाची. आतली पोरं पाढं म्हनायची, ही भायेर म्हनायची. मी रडाय लागलो की मास्तर खिडकी लावून घ्यायचं.”

“मग?”

“मग काय? मी लई रडायचो.”

फोन ठेवल्यावर मी ईशूला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे आत्याआजीची चौथी राहिलीच?” मग ती उठली आणि तिने स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणल्या.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी उपक्रम आला मराठीचा : ‘दूर राहणाऱ्या नातेवाइकाला पत्र लिहा आणि पोस्टात टाका.’ ईशूने तिचं लिहिलं, ते मला दाखवलं नाही. तिच्याबरोबर टेबलाशी बसून मीही एक लिहिलं. ते असं :

तीर्थरूप हौसाआत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार.

तीर्थरूप हे फक्त आईवडिलांना लिहायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी विसरलेलो नाही. मुद्दाम लिहिलं आहे.

आम्ही सगळे ठीक आहोत. सीमाने भेंडीची ओढणी पुन्हा कामावर नेली. सामंत काल लिफ्टमध्ये भेटले. ‘आजी कुठे गेल्या?’ म्हणून विचारत होते. आकडा अजून जुळत नाही म्हणाले. मला शंका आहे, ते एकटे असताना लिफ्ट मोजतात.

आत्या, जुईनगरला मी अकाउंट्सचं पुस्तक मोठ्याने वाचायचो आणि तू भाकरी थापत ऐकायचीस. मला काही कळेना की तू म्हणायचीस, “मला समजंल आसं सांग, म्हंजी तुला समजंल.” मग येणं ते कांदे आणि जाणं ते बटाटे असं मांडून मी तुला सांगायचो, आणि सांगता सांगता ते माझ्या डोक्यात बसायचं. एखाद्या दिवशी कंटाळून मी वाचलं नाही, तर भाकरी थापायची थांबून तू विचारायचीस, “काल बटाटं जास्त झालं हुतं, त्याचं फुडं काय झालं?” इतकी वर्षं मला वाटत होतं, तू माझा अभ्यास घेत होतीस. आता तात्यांकडून खिडकीचं कळलं. त्या खोलीत कॉलेजला जाणारे आपण दोघं होतो. नाव फक्त माझं होतं.

मी टीचरना भेटलो. मटकीची खरी गोष्ट सांगितली, खिडकीचीही. त्या खूप हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, उपक्रम ईशूनेच करायचे, हे मात्र कायम. पण आजींना करायचे असतील तर त्यांनी स्वतःची वेगळी वही करावी. त्या तीही तपासतील. हसरा चेहरा फुकट मिळणार नाही, असंही म्हणाल्या. मी वही आणून ठेवली आहे. अजून नाव घातलेलं नाही. ते तुझ्या हाताने घाल.

आणखी एक. ईशूने मटकी पुन्हा लावली. पहिल्या दोन वाट्यांना मोड आले, तिसरी कोरडी राहिली. चित्र काढून झालं, निष्कर्ष बरोबर आला, वही तपासून झाली. मी वाट्या विसळायला घेतल्या तर ईशूने तिसरी काढून घेतली. म्हणाली, टीचरनी विचारलेलं संपलं, आता माझा प्रश्न आहे. ‘उशिरा पाणी घातलं तर मोड येतात का?’

मी म्हणालो, येतात, मला माहीत आहे. तर मलाच म्हणाली, “हात लावल्याबिगर कळतंय व्हय?”

वाटी खिडकीत तशीच आहे. कोणालाही पाणी घालू देत नाही. म्हणते, ते आत्याआजीच घालणार.

लवकर ये.

तुझा,
बाळू