हिरामावशी आणि लोकांची टेबलं

आमच्याच सोसायटीतली हिरामावशी दिवाळीचा फराळ घेऊन आमच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा तिनं डबा माझ्या हातात दिलाच नाही. सरळ आत आली, डायनिंग टेबलापाशी थांबली आणि टेबलावरच्या वस्तू उचलायला लागली. माझ्या नवऱ्याचा, नीलेशचा, लॅपटॉप वॉशिंग मशीनवर गेला. सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा टीव्हीशेजारी गेला. लाइट बिलं, चार्जर, अर्धी सोललेली लसूण, स्कूटरचं हेल्मेट, एकेक करून सगळं हललं. मी "राहू द्या हो, राहू द्या" करत तिच्या मागंमागं फिरत होते. शेवटी तिनं पदरानं टेबल पुसलं आणि मला म्हणाली, "पयलं टेबल रिकामं करावं गो. उकिरड्यावर कुनी पान मांडतं का?"

मी लग्न करून साताऱ्याकडून जुईनगरला नुकतीच आले होते. डायनिंग टेबल हे वस्तू ठेवायला असतं आणि जेवायचं टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन, हे मी इथं येऊन शिकले होते. अख्ख्या सोसायटीत तसंच होतं. हिरामावशीला तेच खुपायचं.

टेबल पुसून झालं की ती पिशवीतून आपलं सामान काढायची. एका वाटीत जाडं मीठ भरायची आणि त्यात पणती रोवून बसवायची, म्हणजे ती कलंडत नाही. वाटीभोवती झेंडूची फुलं. उरणकडच्या बायका बाजारात भाताच्या लोंब्या घेऊन बसतात, त्यातल्या चार लोंब्या दोऱ्यानं बांधून एका बाजूला. मधोमध केळीच्या पानाचा तुकडा, आणि त्यावर करंज्या, चकल्या आणि गुळाची, तांदळाच्या पिठाची बोरं. पाच मिनिटांत आमचं टेबल ओळखू येईना. तिच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला होता, त्यामुळं मिठावर तिचा फार जीव. "लक्ष्मी हाय ती," म्हणायची, आणि वाटीबाहेर सांडलेला दाणा बोटानं टिपून घ्यायची.

एवढ्यावर सुटका नव्हती. मावशी समोरच्या खुर्चीवर बसायची आणि आपण एक करंजी संपवेपर्यंत उठायची नाही. नुसतं छान झालीय म्हणून चालायचं नाही. तिला चूक सांगावी लागायची. "ग्वाड बोलू नको. काय चुकलं ता सांग." लोकांनी आपापल्या चुका ठरवून टाकल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे देशपांडे दर वर्षी वेलची किंचित कमी आहे असं सांगायचे. ती बिचारी दर वर्षी वेलची वाढवायची. काही दिवाळ्यांनी तिची करंजी खाल्ली की दात घासल्यासारखं वाटायला लागलं. मग सगळ्यांनी मिळून देशपांड्यांना समजावलं की आता चकलीवर बोला.

दिवाळीत सोसायटीच्या ग्रुपवर "मावशी बी विंगमध्ये" एवढाच मेसेज पडला, की बी विंगमध्ये पळापळ व्हायची. टेबलावरचं सगळं गठ्ठ्यानं बेडरूममध्ये पलंगावर. मावशीला हे ठाऊक होतं. जाताना बेडरूमच्या बंद दाराकडं बघून म्हणायची, "तितं बी एकदा येवाला पायजे."

मावशी इथल्याच गावातली, आगरी. आमची सोसायटी उभी आहे तिथं त्यांची शेतं आणि भरतीचं पाणी शिरणारं खाजण होतं. ती बोलता बोलता सांगायची की तुमचं किचन हाय ना, तिथं आमचा बांध होता, आणि देशपांड्यांच्या हॉलात पावसाळ्यात खेकडे मिळायचे. देशपांडे कसनुसं हसायचे. तिचा नवरा बंदरात ड्रायव्हर होता, तो जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा खांदेश्वरला राहायचा. चांगला मुलगा, सूनही चांगली, रविवारी दोघं यायची. मावशीला एकटं म्हणावं असं वरवर काहीच नव्हतं. फक्त एक होतं. भाऊबीजेला तिचं दार बंद असायचं. बेल वाजवली तरी उघडायची नाही. पाडव्यापर्यंत घरोघर फिरून दमली असेल, असं आम्ही समजायचो.

मग एका श्रावणात आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले.

घरात माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत सणाची कढई चढत नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, कढईचंच काय, कशाचंच सोयरसुतक राहिलं नव्हतं. दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. बाबांची टेबलाशी ठरलेली जागा होती. तिथं त्यांचा चष्मा, गोळ्यांचा डबा आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं तसंच पडलेलं होतं. कुणीच हलवलं नव्हतं. धूळसुद्धा आई आजूबाजूची पुसायच्या.

वसुबारसेला सकाळीच मावशी आली. ज्या घरी माणूस गेलेलं असेल त्या घरी ती सगळ्यांत आधी जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती टेबलापाशी गेली. आता ही चष्मा उचलणार आणि आई कोसळणार. मी पुढं झाले. पण मावशी नुसती उभी होती. बराच वेळ ती त्या शब्दकोड्याकडं बघत राहिली. तिला वाचता यायचं नाही. मग तिनं मिठाची वाटी चष्म्याच्या बाजूला ठेवली, पणती लावली, आणि झेंडूची फुलं त्या वर्तमानपत्राच्या कडेकडेनं मांडत नेली. एकाही वस्तूला हात लावला नाही. केळीचं पान उरलेल्या कोपऱ्यात जेमतेम मावलं. तिनं करंजी आईंच्या हातात दिली आणि खाली फरशीवर बसली.

"खा," एवढंच म्हणाली. काय चुकलं ते विचारलं नाही.

आईंनी करंजी खाल्ली. मग आणखी एक खाल्ली. आणि मग बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मावशीनं समजूत घातली नाही की पाठीवर हात ठेवला नाही. ती बसून राहिली. आईंचं रडणं थांबल्यावर तिनं बशी धुतली आणि पुढच्या घरी गेली.

त्यानंतर मी तिला करंज्या लाटायला मदत म्हणून जायला लागले. माझी करंजी तिला पसंत नव्हती. मुरड घालायला गेले की ती म्हणायची, "ही तुज्या देशावरची पुरनपोळी नाय गो." पण दार उघडायची.

पुढच्या दिवाळीच्या आधी अशीच एकदा गेले, तर मावशी पीठ मळून बसली होती. कढईखाली गॅस नव्हता. मी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली की गणपतीत तिचा भाऊ वारला. तिला भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

करंज्या लाटता लाटता तिनं सगळं सांगितलं. बाळाराम तिच्याहून लहान. कंटेनर यार्डात कामाला होता, म्हणून उरणच्या अलीकडं एका गावात घर बांधून राहिला आणि आईलाही तिकडं घेऊन गेला. मावशीचं म्हणणं होतं की आई माझ्याकडं राहू दे, पण मुलगा असताना आई मुलीकडं कशी राहणार, असं सगळे म्हणाले. आई तिकडंच आजारी पडली आणि तिकडंच गेली. शेवटी शेवटी तिची नुसती हाडं राहिली होती. दहाव्याला सगळा गाव जमला होता, आणि त्या सगळ्यांसमोर मावशी भावाला म्हणाली, तू आयला उपाशी मारलीस.

त्यानंतर बाळाराम कधी भाऊबीजेला आला नाही. हीही गेली नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हा मावशी मुलाबरोबर मातीला जाऊन आली, पण घरात शिरली नाही, बाहेर रस्त्यावरच उभी राहून परत आली.

"मला गाडीनं नेशील?" तिनं विचारलं. "पोराला नको. तो मला बोलू देनार नाय."

वसुबारसेला आम्ही निघालो. मावशीनं मांडीवर डबा घेतला होता आणि पायांशी मीठ, फुलं, लोंब्या अशी सगळी पिशवी. उलवे मागं पडेपर्यंत ती डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. पुढं कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली, तेव्हा एवढंच म्हणाली की वैनीनं दारातून परत लावलं तर गाडी चालूच ठेव.

वहिनीनं परत लावलं नाही. पण या असंही म्हणाली नाही. दार उघडून ती बाजूला झाली. बारीकशी बाई, कमल तिचं नाव, पांढरट साडी नेसलेली. हॉलमध्ये डायनिंग टेबल होतं, त्यावर प्लास्टिकचं कापड. टेबलावर बाळारामचा हार घातलेला फोटो होता आणि त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास, औषधं, कामावरची टोपी. मावशीनं डबा टेबलावर ठेवला नाही. पोटाशी धरून उभी राहिली.

"बसा, ताय," वहिनी म्हणाली.

मावशी बसली नाही. "दहाव्याला मी बोलली ना कमल, ता खोटं होतं."

वहिनी फोटोकडं बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "आय शेवटाला तोंडच उघडत नव्हती. हे चमच्यानं पेज भरवायचे. अर्दी वाटी पोटात गेली तर दिवसभर खूश असायचे."

"मला म्हायत होतं."

वहिनीनं मान वर केली.

"बोलताना पन म्हायत होतं," मावशी म्हणाली. "मी बगितलेलं त्याला पेज भरवताना. पन आय गेलेली. कुनावर तरी राग काडायचा होता, आन त्याच्याबिगर माजं हक्काचं कोन होतं?"

बाहेर एक ट्रेलर गेला, तशी खिडकीची काच थरथरली. मी दाराजवळ उभी होते. इथं आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

"मंग हे त्यांना सांगाला पायजे होतं, ताय," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दरसाल भाऊबीजेला सकाळीच आंगोळ करून, इस्त्रीचं शर्ट घालून बसायचे. मी म्हनायची, जावा ना, भयीन तुमचीच हाय. तर म्हनायचे, तिनं बोलावल्याबिगर कसा जाऊ. जेवनाची येळ टळली का शर्ट काडून ठेवायचे."

मावशी आता खुर्चीवर बसली. भाऊबीजेला तिचं दार का बंद असायचं, ते मला तेव्हा समजलं. पाट मांडून, ओवाळणीचं ताट करून ती आत बसत असणार. बेल वाजली की दाराच्या भिंगातून बघत असणार आणि भाऊ नसला तर उघडत नसणार. आपला भाऊ अजून आलेला नाही, हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

"मी बी वाट बगत होती गो," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्या मांडीवरचा डबा काढून घेतला. आत जाऊन ताटली आणली, त्यात एक करंजी ठेवून ती फोटोसमोर ठेवली, आणि एक मला दिली. मग आपण एक घेतली आणि उभ्याउभ्याच खायला लागली. खाताना तिचे डोळे वाहत होते, ते ती पुसत नव्हती.

"कंचं शर्ट?" मावशीनं विचारलं.

"काय?"

"तो भाऊबीजेला घालायचा, ता कंचं शर्ट?"

वहिनी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिनं एक आकाशी रंगाचा शर्ट आणून मावशीच्या हातात दिला. कडक इस्त्रीचा, हँगरची घडी तशीच. मावशीनं तो मांडीवर पसरला आणि हातानं खांद्यापासून खालपर्यंत चाचपला. मग एक बाही उलटी करून बघितली.

"बटन नाय हिला."

"किती दिवसांपासून लावते म्हनत होती," वहिनी म्हणाली. "र्‍हाऊ दे आता ताय. कोन घालनार हाय?"

"सुई दे."

वहिनीनं सुई-दोरा आणला, आणि डब्यात शोधून त्यातल्या त्यात जुळणारं एक बटण आणलं. मावशीला सुईत दोरा ओवता येईना. वहिनीनं ओवून दिला आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मावशीनं बाही डोळ्यांजवळ धरली आणि बटण शिवायला घेतलं. घाई केली नाही. दोरा पुन्हा पुन्हा त्याच भोकांतून फिरवत राहिली. आणखी किती तरी वर्षं तो शर्ट वापरात राहायचा आहे, असं ते बटण तिनं पक्कं केलं.