मलमलची कानटोपी

कुत्रीसाठी कानटोपी विणायची, हे मी शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ठरवलं. वेळ पक्की आठवते, कारण बायको बाराला घराबाहेर पडली होती, आणि तिच्या माघारी मोठे निर्णय घ्यायला मला साधारण दहा मिनिटं लागतात.

मलमल ही आमची कॉकर स्पॅनियल. रंग दुधावरच्या सायीचा आणि कान इतके लांब, की ती पाणी प्यायला वाकली की तिच्याआधी कानच पाणी पितात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिचा डॉग शो होता. दोन प्रमाणपत्रं आधीच मिळालेली, तिसरं मिळालं की बाईसाहेब 'चॅम्पियन' होणार होत्या. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा बायकोने हे पिल्लू आणलं. गेली दोन वर्षं शाळेत गणित शिकवून उरलेला सगळा वेळ तिने मलमलला दिला होता. (मला उरलेल्यातला उरलेला. तक्रार नाही, फक्त हिशोब सांगितला.)

जाताना ती दारात उभं राहून म्हणाली होती, "अहो, नीट ऐका. सकाळपासून दोन तास अंघोळ आणि ड्रायर झालाय. हिचे कान पाण्यात जायचे नाहीत, ताटलीत जायचे नाहीत आणि सुभेदाराच्या तोंडात जायचे नाहीत."

सुभेदार हा आमचा दुसरा कुत्रा. वय बारा, जात कळलेली नाही. शोमध्ये त्याला कुणी घेणार नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही काहीही करू नका. पाचला येते मी."

एवढं सोपं काम आयुष्यात मला कुणी दिलं नव्हतं. तेही मला जमलं नाही.

त्याला कारण माझं विणकाम. मी कारकून माणूस. दिवसभर ऑफिसात फायली बांधायच्या आणि घरी येऊन लोकरीची गुंतवळ सोडवायची. डॉक्टरांनी रक्तदाब बघून 'हातांना काहीतरी शांत काम द्या' असं सांगितलं, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या वहिनींनी माझ्या हातात सुया दिल्या. रक्तदाब तेवढाच राहिला, फक्त आता तो टाके मोजताना वाढतो. त्या दिवशी माझ्या टोपलीत दोन कामं अर्धवट होती. एक, नातीचा पांढरा स्वेटर. त्याचं धड गोल विणून काखेपर्यंत आलं होतं आणि नात महिन्याभरात येणार होती. दुसरं, स्वतःसाठीचा डाळिंबी मफलर, जो गेली दोन वर्षं वीतभर लांबीचाच होता.

मी मलमलकडे पाहिलं. ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली होती. मी मफलर उसवायला घेतला.

तासाभरात कानटोपी तयार झाली. खरं सांगतो, झकास झाली. दोन्ही बाजूंनी मोकळी नळी, कडेला दोन उलटे दोन सुलटे. डोक्यावरून घातली की कान आत आणि नाक बाहेर. फक्त लोकर उसवलेली असल्यामुळे वीण जरा वेडीवाकडी दिसत होती. वहिनींनी शिकवलं होतं, की विणलेली वस्तू ओली करायची, टॉवेलात दाबायची आणि तिच्याच आकाराच्या वस्तूवर वाळवायची. मी ओली केली, दाबली. आता मलमलच्या डोक्याच्या आकाराची वस्तू घरात एकच होती, ती म्हणजे मलमलचं डोकं.

घातली. ती शांतपणे बसून राहिली. मी नातीचा स्वेटर हातात घेतला आणि टाके मोजण्यात असा गढलो, की एकशे बारावा टाका पडला तेव्हा साडेतीन वाजले होते.

कानटोपी काढली.

मलमलचे दोन्ही कान गुलाबी झाले होते. जरासे, कडेकडेने वगैरे नाही. चांगले भरगच्च, टोकापर्यंत गुलाबी. सुभेदार उठला, तिच्याभोवती एक फेरी मारून माझ्याकडे बघत बसला.

मी तिला उचलून न्हाणीघरात नेलं. शाम्पू एकदा, शाम्पू दोनदा, साबण एकदा. फेस गुलाबी, टॉवेल गुलाबी, कानही गुलाबी. फरक इतकाच, की गुलाबी आता मानेवरही उतरायला लागला. सव्वाचार झाले. तेवढ्यात मला आठवलं, की रंग आणि व्हिनेगर असं काहीतरी वहिनी एकदा एकाच वाक्यात बोलल्या होत्या. (वाक्य पूर्ण आठवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.) फडताळातली बाटली काढली, पाण्यात निम्मं व्हिनेगर मिसळलं आणि दोन्ही कान त्यात पाच मिनिटं बुडवून धरले. मग वहिनींना फोन लावला.

"वहिनी, लोकरीच्या रंगाला व्हिनेगर चालतं ना?"

"चालतं की. कशाला लावायचंय?"

"केसांना."

"तुमच्या?"

"नाही. म्हणजे, साधारण केसांना. व्हिनेगरने रंग जातो ना?"

"भाऊजी, व्हिनेगर रंग जायला नाही घालत, पक्का करायला घालतात. लोकर म्हणजे शेवटी प्राण्याचे केसच ना? तुम्ही घातलं नाही ना अजून?"

मी फोन ठेवला. पाचला वीस कमी होते.

त्यापुढच्या वीस मिनिटांत मी जे केलं त्याला विचार म्हणता येणार नाही. ड्रायर लावून मलमलला वाळवलं. मान सुदैवाने पाण्याने सुटली होती, कान सुटले नव्हते. मग टोपलीतून नातीच्या स्वेटरचं धड उचललं, सुई काढली, टाक्यांतून दोरा ओवून गाठ मारली आणि ती पांढरीशुभ्र नळी मलमलच्या डोक्यावर चढवली. डाळिंबी कानटोपी पँटच्या खिशात कोंबली. बोटं पाहिली. दहाही गुलाबी. तीही दोन्ही खिशांत कोंबली.

कुलूप वाजलं. बायको आत आली आणि थबकली.

"हे काय घातलंय हिला?"

"कानटोपी. कान खराब होऊ नयेत म्हणून."

ती खाली बसली. विणीवरून बोट फिरवलं. "हा छकुलीचा स्वेटर आहे ना?"

"तिला अजून महिना आहे. हिचा शो उद्या आहे."

बायको चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षं मला वाटायचं, हे सगळं मी एकटीच करतेय."

हे ऐकल्यावर मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंडही उघडलं. "अगं, एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नका," ती हसून म्हणाली. "उद्या रिंगमध्ये जजपुढे जाईपर्यंत हे काढायचंच नाही. छान कोरडे राहतील कान."

भूक नाही म्हणून मी हात खिशातच ठेवले आणि रात्र छताकडे बघत काढली. सकाळी हातमोजे घातले. ("थंडी आहे जरा," मी म्हणालो. ती म्हणाली, "पंखा लावलाय मी.") गाडीत दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तर ती स्वतःशीच रिंगमधली पावलं मोजत होती. मैदानावर पोचल्यावर तिसऱ्यांदा उघडलं, तर लाउडस्पीकर माझ्यापेक्षा मोठ्याने बोलला. "स्पॅनियल गट, वीस मिनिटं!"

मंडपात टेबलांची रांग होती. आमच्या शेजारच्या टेबलावर डेंटिस्टबाई आपल्या काळ्या स्पॅनियलला विंचरत होत्या. गेल्या दोन्ही शोमध्ये त्यांचा नंबर मलमलच्या मागे आला होता, त्यामुळे त्या आमच्याशी फार गोड बोलत. बायकोने मलमलला टेबलावर उभं केलं, ब्रश काढला.

"थांब," मी म्हणालो.

"आता काय?"

"राहू दे ना डोक्यावर. छान दिसतेय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मागे सरलो. तिने कानटोपी काढली.

दिवसाच्या उजेडात तो रंग घरातल्यापेक्षा जास्त खुलला होता.

बायकोचा हात हवेतच राहिला. डेंटिस्टबाईंचा कंगवा थांबला. "अय्या," त्या आवाज अजिबात खाली न आणता म्हणाल्या, "रंगवलंय हिला?"

चार टेबलांवरच्या माना वळल्या. बायको माझ्याकडे वळली. आवाज शाळेतला.

"काय घातलंत?"

"लोकर."

"आणि?"

"पाणी."

"आणि?"

"...व्हिनेगर."

"हातमोजे काढा."

मी काढले. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अजिबात ओरडली नाही.

तोवर छातीवर बिल्ला लावलेला संयोजक येऊन पोचला. त्याने नियमाचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. कुत्र्याला कृत्रिम रंग लावलेला आढळल्यास एक वर्ष बंदी. आधीची प्रमाणपत्रंही तपासली जाणार, आणि संशय वाटला तर रद्द. बायकोने मलमलचा पट्टा मुठीत असा आवळला, की बोटांची पेरं पांढरी पडली. दोन वर्षांची पहाटेची फिरणी, रोजचं विंचरणं, सुट्ट्यांतले प्रवास. आणि लोक आता तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर. तिने आजवर वर्गातल्या कुणालाही अर्धा गुण फुकट दिला नव्हता.

"जजना भेटायचंय," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

जज उंच, हाडकुळे, पांढऱ्या मिशांचे. दुमडत्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी जाऊन सरळ सुरुवातच केली. मफलर, एकशे बारावा टाका, वहिनींचं अर्धं वाक्य, सगळं सांगितलं. ऑफिसात पंचवीस वर्षांत साहेबांपुढे मी एवढं सलग कधी बोललो नव्हतो. शेवटी कालपासून खिशातच असलेली डाळिंबी कानटोपी काढून टेबलावर ठेवली. जजनी रुमाल पाण्यात बुडवून तिच्यावर घासला. रुमाल गुलाबी. मग म्हणाले, "हात दाखवा." मी दहा बोटं पुढे केली. त्यांनी मलमलचा एक कान उचलून माझ्या बोटांशेजारी धरला, चष्म्यातून पाहिलं, चष्म्यावरून पाहिलं.

"ही विणली कुणी?"

"मीच."

"हं." ते संयोजकाकडे वळले. "सायीच्या रंगाच्या कुत्रीला कुणी फसवायचं म्हणून गुलाबी रंगवणार नाही. ही फसवणूक नाही. हा..." ते शब्द शोधत राहिले, माझ्या बायकोकडे पाहिलं आणि शब्द सोडून दिला. "बंदी नाही. आधीच्या प्रमाणपत्रांना हात लावायचा नाही. पण आज तिला रिंगमध्ये घेता येणार नाही, बाई. माघारीचा अर्ज भरून टाका."

डेंटिस्टबाईंचं काळं स्पॅनियल पहिलं आलं. आम्ही दोरीच्या बाहेर उभे राहून पाहिलं. बायकोने टाळ्याही वाजवल्या. मग मंडपाच्या कडेला बसून ती मलमलला विंचरायला लागली. तसं विंचरायचं काहीच कारण नव्हतं.

"चूक झाली," मी म्हणालो.

"रंगाचं नाही काही. नवे केस यायला चार महिने लागतील, पुढचा शो पाच महिन्यांनी आहे." ब्रश चालूच होता. "काल मी तुमच्यासमोर रडले. तेव्हाही तुम्ही गप्प बसलात, त्याचा राग आहे."

मी दुसरा ब्रश घेतला आणि मलमलच्या दुसऱ्या बाजूला बसलो. थोडा वेळ आम्ही दोघे दोन्हीकडून विंचरत होतो. मग ती म्हणाली, "उलटं फिरवताय. केसांच्या दिशेने फिरवा." तिने माझा हात धरून दाखवलं. मला जरा हायसं वाटलं.

जाताना अर्ज भरायला आम्ही ऑफिसच्या टेबलापाशी गेलो. तिथे माझ्यासारखाच एक कारकून बसला होता, समोर शिक्का, शेजारी अर्जांचा गठ्ठा. बायकोने अर्ज भरला. 'माघारीचे कारण' या रकान्यापाशी थांबली. आजारपण, दुखापत, प्रवासातील अडचण, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि पुढे वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला. नवरा.

कारकुनाने वाचलं. मान वर करून मला डोक्यापासून बोटांपर्यंत पाहिलं. कसलंही आश्चर्य न दाखवता त्याने शिक्का उचलला, आणि रोजच्या सवयीने विचारावं तसं विचारलं, "अडचण तात्पुरती आहे की कायमची?"

बायको माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मलमलही बघत होती.

"अठ्ठावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "कायमचीच लिहा."