आख्खं दिसलं पाहिजे

वाटी कितीही लहान असो, मन्मथआप्पा तिच्यावर देणाऱ्याचं नाव कधी तोडत नाहीत. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत नावं घालायला गर्दी उसळते, आणि आप्पा चटणीच्या वाटीवरही वडिलांच्या नावासकट सगळं कोरत बसतात. नुसती आद्याक्षरं घाला म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "न्हाई. आख्खं दिसलं पाहिजे."

आमच्या समाजाच्या वधू-वरांची यादीही आप्पांकडेच. स्वतः एकसष्ट वर्षांचे, बिनलग्नाचे. पण कितीतरी घरांत सून आली ती त्यांच्या खटपटीनं. त्यांचा जुना संगणक बसला, आणि मी कॉलेजात संगणक शिकवतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. माहिती डेटाबेसमध्ये शाबूत होती. आप्पांना तक्ता उघडून बघता यावा, दुरुस्त करता यावा, असं एखादं सोपं सॉफ्टवेअर तेवढं निवडायचं होतं. मला वाटलं, एका दुपारचं काम.

तीन आठवडे गेले! काहीही दाखवा, आप्पा चष्मा पुसायचे, एक नंबरची ओळ काढायचे, शेवटच्या 'शेरा' रकान्यापर्यंत जायचे आणि मान हलवायचे.

"सर, हे तीन टिंबं काय करायलेत इथं?"

"मजकूर मोठा असला की मावत नाही, आप्पा. मग टिंबं येतात."

"मंग कुठवर वाचायचं ते ह्यानं ठरवायचं व्हय?"

चौथ्या सॉफ्टवेअरलाही टिंबं निघाली. तिकडे समाजाच्या मंडळानं निरोप धाडला, सोमवारपर्यंत पसंत पडलं नाही तर यादी लातूरच्या कार्यालयात जाईल. मी वैतागलो. "आप्पा, शेऱ्यात लोक 'शेती आहे', 'मुलगी शिकलेली' एवढंच लिहितात. आख्खं कोण वाचणार आहे?"

आप्पांनी माझ्यासाठी चहा मागवला.

रविवारी पाचवं नेलं. यात रकान्यावर टिचकी मारली की पूर्ण मजकूर वेगळ्या चौकटीत उघडायचा. आप्पा सवयीनं पहिल्या ओळीवर गेले. ती सरावासाठी घातलेली खोटी नोंद असावी, अशी माझी समजूत होती. आज मी नीट पाहिलं. नाव मन्मथ. वय एकोणतीस. लग्न जमले: नाही.

चौकट उघडली. 'मुलगा कमी बोलतो पण ऐकून घेतो. भाकरी माझ्यापेक्षा गोल करतो, कुणाला सांगू देत नाही. देणंघेणं नको. माझ्यामागं ह्याच्याशी कुणीतरी बोलावं, एवढंच.'

"मायनं सांगितलेलं हाय," आप्पा म्हणाले. "मंडळाची वही निघाली तवा पहिलं नाव माझंच घातलं तिनं. लिहिणाऱ्यानं एक शब्द सोडला न्हाई. पुढं संगणकात तसंच उतरवलं, मंग वही वाळवीनं खाल्ली. आता हाय ते इथंच."

मी कळफलक त्यांच्यासमोर सरकवला. "दुरुस्ती करून बघा," एवढंच म्हणालो.

आप्पांनी वयाच्या रकान्यातलं एकोणतीस खोडून एकसष्ट केलं. बदल जतन करायचा का, असा प्रश्न आला. आप्पांनी चष्मा पुसला आणि 'नाही' दाबलं. एकोणतीस परत आलं.

"ऱ्हाऊ द्या. तिनं सांगितलं तसंच ऱ्हाऊ द्या. हेच टाका, सर."

आख्खं कोण वाचणार, असं विचारल्याची मला लई लाज वाटली. सॉफ्टवेअर टाकून झालं, यादी दुकानातच राहिली. मग चहा मी मागवला, आणि घरी जायची घाई असूनही तासभर आप्पांशी बोलत बसलो. ते ऐकून घेत होते.