आठवा गडी

“एक गडी मारला की हे उठतील, दुसरा मारला की आपली हेमा,” सासूबाई स्वयंपाकघरात वन्संना सांगत होत्या. “सगळं हिच्या चढाईवर आहे. पण हिला आत्ताच बोलू नकोस.”

मी दारातच होते, सोललेला लसूण हातात घेऊन.

माझ्या सासरच्या गावात गेलेली माणसं कबड्डीच्या नियमानं परत येतात. वर्षातून एकदा शेजारच्या वाडीशी सामना असतो. त्यांचा गडी बाद झाला की आपलं माणूस उठतं, आपला झाला की त्यांचं. आधी गेला तो आधी उठतो, वशिला चालत नाही. यंदा आमच्या घराची पाळी होती. हे सगळं मला लग्नाआधीच माहीत होतं आणि सासऱ्यांसाठी खेळायचं कबूलही होतं. दुसऱ्या गड्याचं मात्र कोणी बोललं नव्हतं. हेमा ही ह्यांची पहिली बायको.

बघायला आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं काही विचारलं नव्हतं. दम किती टिकतो, एवढंच. मी लसूण तिथेच ठेवून ह्यांना शोधायला गेले.

हे गोठ्यात होते.

“अहो, हेमाताई उठल्या तर मी कुठे जायचं?”

“कुठे म्हणजे? घर मोठं आहे.”

“घराचं नाही विचारलं मी.”

ह्यांनी म्हशीकडे बघितलं. “आई म्हणते, खेळलेली मुलगी समजून घेते.”

हायस्कूलमध्ये आमच्या शिंगटे बाई सांगायच्या, हात लागला की मोह आवरून मागे फिरायचं. म्हणजे एक गडी मारून मी परत फिरले असते, तर कोणी बोट ठेवलं नसतं. पण तालुक्याच्या सामन्यात मी बाद होऊन बसले होते, तेव्हा आमची कॅप्टन हाताशी आलेला गडी सोडून परत आली होती. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं, ते मला बाहेरून स्पष्ट दिसलं होतं.

सामन्याच्या दिवशी ह्यांना आणि मला धरून आमच्या घरचे सहाच गडी भरले. गेलेली माणसं रेषेबाहेरच्या बाकावर बसली होती. पहिल्या चढाईत माझा पंजा त्यांच्या एका गड्याला लागला. मामंजी उठले, धोतर झटकलं आणि आत येत म्हणाले, “डेअरीला दूध गेलं का?”

“गेलं,” सासूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या चढाईला त्यांचा एक पोरगेला गडी पाय पुढे टाकून उभा राहिला. हात लांबवला की झालं. बाकावर हेमाताई गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. माझ्या वयाच्याच दिसत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“वहिनी, वेळ संपतोय!” वन्सं ओरडल्या.

मी हात लावला आणि मध्यरेषा गाठली.

हेमाताई उठून आत आल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. “आठ झाले. नियमात सातच बसतात. कोण बाहेर जातंय? लवकर सांगा, त्यांची चढाई आहे.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग वन्संनी. मग ह्यांनी, अगदी समजूतदारपणे. मामंजीही वळले, मी कोण हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

“हेमाताई, डावा कोपरा तुम्ही धरा, उजवा माझा,” मी म्हणाले. “आणि अहो, तुम्ही बसा बाकावर.”