सासूबाईंच्या अंगठ्यातला अजिंक्य जंतू

"आई, बहात्तर तास! मला फक्त बहात्तर तास द्या!" भाऊजी छातीवर थाप मारून म्हणाले. "तुमच्या अंगठ्यातला जंतू पकडतो आणि त्याला कुठलं औषध मारतं ते कागदावर लिहून तुमच्या हातात देतो. नाही दिलं तर या घरात जावई म्हणून पाय ठेवणार नाही!"

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. डावा पाय उशीवर होता आणि त्या पायाचा अंगठा दहा दिवसांपासून टोमॅटोसारखा फुगला होता.

"घर तुमचंच आहे, जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाय न ठेवून जाल कुठे?"

भाऊजी एका रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. शेजारच्या टेबलावर त्यांची सख्खी मेहुणी काम करायची. ती भाऊजी म्हणायची म्हणून शिपाई म्हणू लागला, शिपायाचं ऐकून नर्सेस म्हणू लागल्या, आणि आता वयानं वीस वर्षांनी मोठे असलेले प्रयोगशाळेचे साहेबसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणत. रुग्णालयभर एवढे मेहुणे-मेहुण्या असूनही सासूबाईंच्या लेखी मात्र या जावयाची किंमत फारशी नव्हती. कुणी विचारलं, "जावई काय करतात?" की त्या म्हणत, "दवाखान्यात असतात," आणि झटकन विषय बदलत. त्यांच्या धाकट्या बहिणीचा जावई विमानं दुरुस्त करायचा. विमानं! त्याच्यापुढे थुंकी आणि लघवी तपासणारा माणूस काय सांगायचा? भाऊजींना हे लागायचं. अठरा वर्षांत एकदा, फक्त एकदा, सासूबाईंनी चार माणसांत अभिमानानं "माझे जावई" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

संधी आता अंगठ्याच्या रूपानं चालून आली होती. त्यात सासूबाईंची औषधं घेण्याची पद्धत भाऊजींना चांगली ठाऊक होती. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की त्या दोन दिवस घेत आणि बरं वाटलं की उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकत. पुढच्या दुखण्याला डब्यात हात घालायचा आणि ज्या गोळीचा रंग आवडेल ती गिळायची!

"आई, अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, शिकतात!" भाऊजी कळवळून सांगत.

"शिकू देत. घरात कुणीतरी शिकायला हवंच," असं म्हणून सासूबाई पाण्याचा घोट घेत.

तर शुक्रवारी भाऊजींनी कापसाच्या काडीवर अंगठ्यातला पू घेतला. शनिवारी जंतू छान वाढले. रविवारी सुट्टी असूनही भाऊजी कामावर गेले, दोन प्लेटींवर जंतू एकसारखे पसरले आणि आता त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या होत्या. या चकत्या म्हणजे बोटाच्या नखाएवढे गोल कागद. प्रत्येकीत एक औषध भिनवलेलं असतं. औषध जंतूला मारत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोकळं गोल कडं दिसतं. मारत नसेल तर जंतू चकतीला खेटून खुशाल वाढलेले असतात.

आता भाऊजी माणूस सचोटीचे. घरच्या कामाला रुग्णांच्या चकत्या कशा वापरायच्या? त्यांनी फ्रीजमध्ये वाकून पाहिलं. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, निळ्या ट्रेमध्ये बारा कुप्यांचा आणखी एक संच पडून होता. लेबलं बरोबर होती, चकत्या भरपूर होत्या. मेहुणी आठवडाभर परगावी प्रशिक्षणाला गेली होती, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. अर्थात ती असती तरी भाऊजींनी विचारलं नसतं. अठरा वर्षांचा अनुभव काय लोकांना विचारण्यासाठी असतो?

सोमवारी सकाळी त्यांनी प्लेटी उजेडात धरल्या.

एकही कडं नाही! बारा औषधं, बारा चकत्या आणि बाराही चकत्यांना जंतू असे बिलगून बसलेले की जणू माहेरीच आले आहेत! नवं औषध, जुनं औषध, शेवटचा उपाय म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवतात ते औषध, कशालाही दाद नाही!

"साहेब!" भाऊजी ओरडत सुटले. "साहेब, जंतू ऐकत नाही! कुणाचंच ऐकत नाही!"

साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी पंधरा वर्षांत प्लेटीला हात लावला नव्हता, पण प्लेट पाहून तेही खुर्चीतून उठले.

"भाऊजी, हा कुठल्या रुग्णाचा?"

"माझ्या सासूबाईंचा, साहेब!"

"वा! वा!" साहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. मग त्यांना आपलं पद आठवलं. "पण पडताळणी? आपला पाळीव जंतू लावला होता का सोबत?"

प्रयोगशाळेत एक साधा, गरीब जंतू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला असतो. तो ठरलेल्या औषधांना ठरल्याप्रमाणे मरतो. तो मेला की समजायचं, चकत्या चांगल्या आहेत. भाऊजींनी तो लावला नव्हता, कारण ते नवशिक्यांचं काम! पण साहेबांच्या शब्दाला मान देऊन त्यांनी सोमवारी तोही लावला. चकत्या त्याच निळ्या ट्रेमधल्या.

मंगळवारी सकाळी पाळीव जंतूच्या प्लेटीवरही एक कडं नव्हतं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला चकत्यांची शंका आली असती. पण भाऊजी आणि साहेब आता शहाणपणाच्या फार पुढे निघून गेले होते.

"साहेब... हा तर गोगलगाय होता!"

"बिघडला," साहेब कुजबुजले. "संगतीनं बिघडला! एका दिवसात! भाऊजी, जंतू एकमेकांना शिकवतात हे मी वाचलं होतं, पण इतकी जलद शिकवणी जगात कुणी पाहिली नसेल!"

मग काय, दोघांना चेव चढला. भाऊजींनी नळाच्या तोटीवरचे जंतू घेतले, स्वतःच्या तळहातावरचे घेतले, साहेबांच्या चष्म्याच्या दांडीवरचेसुद्धा घेतले. सगळ्यांवर निळ्या ट्रेमधल्या चकत्या ठेवल्या. बुधवारी सकाळी पाहतात तो तोटी अजिंक्य, तळहात अजिंक्य, चष्मा अजिंक्य! साहेबांनी चष्मा काढून पिशवीत बांधून ठेवला आणि दिवसभर ते भिंतीला हात लावत चालत होते.

बातमी तळघरातून जिना चढून वर गेली. ज्यांनी अठरा वर्षांत भाऊजींना लिफ्टमध्ये जागा दिली नव्हती ते डॉक्टर आता "या, या, आधी तुम्ही" म्हणू लागले. सासूबाईंना सोमवारी दुपारीच वेगळ्या खोलीत दाखल केलं होतं. दारावर पाटी होती, आत जाणाऱ्याला अंगभर निळा झगा, टोपी आणि हातमोजे. सासूबाई उशीला टेकून सगळ्यांकडून नमस्कार घेत होत्या.

"खरंच कुठल्याच औषधानं मरत नाही?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, आई."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. "आमचं घराणंच तसं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनीसुद्धा कधी कुणाचं ऐकलं नाही."

आणि त्यांनी फोन उचलला. "हॅलो, धाकटे? तुझी ती गुडघेदुखी राहू दे बाजूला. माझ्या अंगठ्यात काय निघालंय माहितेय? सगळे डॉक्टर हादरलेत! कुणी शोधलं म्हणजे? माझ्या जावयांनी! हो, तेच ते. ते काही नुसते दवाखान्यात नसतात, संशोधक आहेत!"

झग्याच्या आत भाऊजींना भरून आलं. टोपी सारखी करण्याचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी त्यांना त्या जंतूबद्दल जेवढी माया वाटली तेवढी कुठल्या नातेवाइकाबद्दलही कधी वाटली नव्हती.

माशी शिंकली ती सर्जनच्या रूपानं. बुधवारी दुपारी सर्जन आले, त्यांनी अंगठा पाहिला आणि भाऊजींचा अहवाल वाचला.

"औषधं चालणार नाहीत तर देऊन उपयोग काय? सगळी बंद करा. सूज वर चढते आहे. उद्या दहा वाजता अंगठा काढून टाकू."

"काढून?" भाऊजींनी विचारलं.

"पाय वाचवायचा तर अंगठा जाणारच. तुमच्याच अहवालावरून म्हणतोय, भाऊजी. एवढा पक्का अहवाल मी पाहिला नाही!"

बायको रडू लागली. सासूबाई मात्र मान ताठ ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे अंगठा. जावईबापूंच्या शोधासाठी गेला असं म्हणतील लोक." हे ऐकून भाऊजींना आनंद व्हावा की रडू यावं तेच कळेना. शेवटी दोन्ही थोडं थोडं झालं.

त्याच दुपारी मेहुणी प्रशिक्षणाहून परतली. आईला भेटली आणि तशीच धावत तळघरात आली.

"भाऊजी, चकत्या कुठल्या घेतल्या होत्या?"

"अठरा वर्षं!" भाऊजी कडाडले. "अठरा वर्षं हे काम करतोय, आणि तू मला चकत्या विचारतेस?"

मेहुणीनं अंगठ्यातला जंतू घेतला, नवी प्लेट लावली, त्यावर आपल्या हातानं चकत्या ठेवल्या आणि ती घरी गेली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिनं ती प्लेट भाऊजींच्या नाकासमोर धरली. पहिल्याच चकतीभोवती रुपयाएवढं मोकळं कडं! दुसरीभोवतीही! तिसरीभोवती त्याहून मोठं! साधी, स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारी औषधं, आणि अजिंक्य जंतू त्यांच्यापुढे आडवा पडलेला!

"तुझी प्लेट चुकली," भाऊजी ठामपणे म्हणाले.

मेहुणीनं फ्रीज उघडून निळा ट्रे टेबलावर ठेवला. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली सूचनांची वही काढली. तिच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: निळ्या ट्रेमधल्या कुप्यांत विद्यार्थ्यांच्या सरावासाठी साधा कागद भोकयंत्रानं पाडून भरला आहे. औषध नाही. रुग्णांसाठी वापरू नये.

"कागद?" भाऊजींनी विचारलं.

"मुलांना चिमटा धरायला शिकवायचं होतं. औषधाच्या चकत्या कशाला वाया घालवायच्या? म्हणून रिकाम्या कुप्या धुऊन भरल्या."

"मग मला सांगायचंस!"

मेहुणीनं खाली बोट ठेवलं. 'वाचलं' या शब्दासमोर भाऊजींची वळणदार सही होती. वर तारीखही होती.

म्हणजे तीन दिवस त्यांनी जंतूंना कोऱ्या कागदाचा धाक दाखवला होता! तोटी, तळहात आणि चष्मा, सगळ्यांनी मिळून त्या कागदाला भीक घातली नव्हती, इतकंच! भाऊजी स्टुलावर बसले. क्षणभर त्यांच्या मनात पाप आलं. जंतू अचानक सुधारला असं सांगितलं तर? संगतीनं बिघडू शकतो तर संगतीनं सुधारणार नाही का? झगे राहतील, लिफ्टमधली जागा राहील, "माझे जावई" राहील. पण तेवढ्यात घड्याळात साडेनऊ वाजले आणि त्यांना सासूबाईंचा अंगठा दिसला. तो चांगला माणसाचा अंगठा होता आणि दहाला जाणार होता.

भाऊजी जे पळत सुटले! लिफ्टमध्ये लोक "या, या" म्हणत होते, पण थांबायला वेळ कुणाला? ते चार मजले जिन्यानं चढले, मागोमाग प्लेट घेऊन मेहुणी. शस्त्रक्रियेच्या दारापाशी सासूबाई चाकांच्या खाटेवर होत्या, शेजारी बायको आणि नर्स होत्या, सर्जन हात धुऊन उभे होते, साहेब बिनचष्म्याचे भिंतीला धरून आले होते.

"थांबा!" भाऊजी धापा टाकत म्हणाले. "कागद! कागद होता तो! औषधच नव्हतं! मी सही केली, पण वाचलं नाही! जंतू साधा आहे! चूक माझी आहे, फक्त माझी!"

सर्जननी मेहुणीच्या हातातली प्लेट पाहिली आणि भाऊजींकडे असं पाहिलं, जणू त्यांचं काय काय काढता येईल याचा हिशोब करत असावेत. साहेबांनी गुपचूप पिशवी सोडून चष्मा घातला आणि ते आल्या पावली परत गेले.

"म्हणजे माझा जंतू..." सासूबाई उठून बसल्या. "साधा?"

"अगदी साधा, आई."

"कुणाच्याही अंगठ्यात असतो तसला?"

"हो. पाच दिवसांच्या गोळ्यांत मरेल. पूर्ण पाच दिवस घेतल्या तर."

भाऊजी मान खाली घालून उभे होते. अठरा वर्षं मागितलेली गोष्ट तीन दिवसांसाठी हातात येऊन गेली होती. आता पुन्हा "दवाखान्यात असतात", आणि तेही खालच्या आवाजात.

"हे आणखी कुणाला कळलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"इथं उभे आहेत तेवढ्यांनाच."

"फोन द्या माझा."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी नंबर लावला.

"हॅलो, धाकटे? वाचला गं अंगठा! ऐन शस्त्रक्रियेच्या दारातून परत आणला मला! कुणी म्हणजे? माझ्या जावयांनी! धावत चार मजले चढून आले. त्या जंतूला मारणारं औषध सापडलं त्यांना!"

भाऊजींनी डोळे उघडले. चांगली चार-पाच माणसं ऐकत होती. बायको, मेहुणी, नर्स आणि खुद्द सर्जन! आणि सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. भाऊजींना इतकं बरं वाटलं की ते खाटेच्या कडेवरच बसले.

"औषधाचं नाव काय म्हणतेस? थांब हं, विचारते." सासूबाईंनी त्यांच्यासमोर फोन धरला. भाऊजींनी अभिमानानं, खणखणीत आवाजात नाव सांगितलं.

पलीकडून धाकटीचा आवाज साऱ्या मजल्यावर ऐकू आला: "अगं, हे तर आमच्या नातवाला दर महिन्याला देतो आम्ही, घसा धरला की! स्ट्रॉबेरीच्या चवीचं मिळतं!"

सासूबाईंनी फोन ठेवला. चादर पायावर नीट ओढून घेतली आणि फक्त भाऊजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"जावईबापू, जरा अवघड नावाचं एखादं नव्हतं का हो?"